झोंटा इंटरनॅशनलचे अधिवेशन: प्रतिनिधीची तयारी, मतदान, व्हिसा आणि परतल्यावरचे काम

रानजाई:

झोंटा इंटरनॅशनल ही स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणारी, क्लबांची मिळून बनलेली जागतिक संस्था. तिचे अधिवेशन दर दोन वर्षांनी, सम वर्षी भरते. २०१८ ला योकोहामा, २०२२ ला हॅम्बर्ग, २०२४ ला ब्रिस्बेन. २०२० चे शिकागोला ठरले होते, ते कोविडमुळे तिथे भरू शकले नाही. भारत, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका यांचा मिळून एक डिस्ट्रिक्ट (क्लबांचा विभाग) आहे, पंचविसावा.

आपल्याकडे या अधिवेशनाबद्दल जे बोलले जाते ते बहुतेक उद्घाटनाचे झेंडे, साड्या आणि शेवटच्या रात्रीचे जेवण यांच्या फोटोंबद्दल. संस्था मात्र चालते ती दिवसा सभागृहात होणाऱ्या मतदानावर. पदाधिकारी, संचालक आणि नॉमिनेटिंग कमिटीची (उमेदवार सुचवणाऱ्या समितीची) निवड, उपविधींतल्या दुरुस्त्या, पुढच्या दोन वर्षांची उद्दिष्टे, हे सगळे तिथे होते. लायबेरियातल्या ऑब्स्टेट्रिक फिस्टुलाच्या (बाळंतपणातल्या इजेने लघवी गळत राहण्याच्या विकाराच्या) रुग्ण बायका, मादागास्करमधल्या मुलींचे शिक्षण, बालविवाह थांबवण्याचा युनिसेफ आणि यूएनएफपीए (संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी) यांचा संयुक्त कार्यक्रम, अशा कामांना झोंटाचा पैसा गेला आहे. ८ नोव्हेंबर १९१९ ला बफेलोमध्ये मॅरियन डी फॉरेस्ट आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी ही संस्था उभी केली. सेवा आणि पाठपुरावा (हक्कांसाठी सरकारदरबारी बाजू लावून धरणे) अशी दोन्ही अंगे तिला आहेत.

या धाग्यात प्रतिनिधीला उपयोगी पडेल अशी नेमकी माहिती एकत्र करू या. सभेचे कामकाज, व्हिसा, पैसे, परतल्यावर काय. इनर व्हील आणि सोरॉप्टिमिस्ट या महिला संस्थांमधल्या मैत्रिणींनीही लिहा. त्यांची अधिवेशने तीन आणि चार वर्षांनी येतात, पण कागदपत्रे आणि अडचणी बऱ्याच सारख्या.

सभाशास्त्र:

धागा काढलात हे फार चांगले केले. कामकाजाबद्दल लिहिते.

झोंटाची सभा रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर या नियमावलीने चालते. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेची सवय असलेल्यांना इथे तीन-चार ठिकाणी ठेच लागते.

सगळ्यात आधी येतो क्रेडेन्शियल्स कमिटीचा अहवाल. किती प्रतिनिधी नोंदले गेले, म्हणजे एकूण मते किती, हे त्यात असते. तो मंजूर होईपर्यंत मतदार कोण हेच ठरलेले नसते. मग सभेचे नियम, मग कार्यक्रमपत्रिका. हे सगळे काही मिनिटांत उरकते, म्हणून कित्येक जणी तेव्हा बाहेर कॉफीच्या रांगेत असतात. पण एका वक्त्याला किती मिनिटे, एका ठरावावर एकूण किती वेळ, मतदान यंत्रावर की कार्ड उंचावून, हे नेमके तेव्हाच ठरते. वेगळा नियम केला नाही तर रॉबर्ट्सप्रमाणे प्रत्येकीला एका ठरावावर एका दिवसात दोनदा, दर वेळी दहा मिनिटे बोलता येते. शेकडो प्रतिनिधींच्या सभेत ते जमणारे नाही, म्हणून मर्यादा दोन-तीन मिनिटांवर आणतात. नियमांचा हा संच मंजूर व्हायला दोन तृतीयांश मते लागतात. मर्यादा फार कमी वाटत असेल तर उपसूचना तेव्हाच द्यायची, नंतर तक्रार करून काही होत नाही.

दोन मिनिटांत इंग्रजीत साधारण अडीचशे शब्द बसतात, म्हणून लिहून न्यायचे ते दोनशेच. पहिले वाक्य नाव, क्लब आणि डिस्ट्रिक्ट. दुसऱ्या वाक्यातच बाजूने की विरोधात ते सांगून टाकायचे. यजमानांचे आभार मानण्यात तीस सेकंद गेले की मुद्दा राहून जातो आणि माइक बंद होतो. पुष्कळ अधिवेशनांत बाजूने आणि विरोधात बोलणाऱ्यांचे माइक वेगळे असतात. चुकीच्या माइकमागे उभे राहिले तर वेळ संपेपर्यंत पाळी येत नाही.

आता उपविधींतल्या दुरुस्त्या. यांची पूर्वसूचना क्लबांकडे आधीच आलेली असते आणि मंजुरीला दोन तृतीयांश मते लागतात. आयत्या वेळी दिलेली उपसूचना पूर्वसूचनेच्या चौकटीबाहेर जाऊ शकत नाही. उदाहरणार्थ, वर्गणी ८० डॉलरवरून १०० करायची अशी सूचना असेल, तर सभागृहात ८५, ९० किंवा ९५ अशी उपसूचना चालते. ११० चालत नाही आणि ७० ही नाही. आपल्या क्लबला वर्गणी कमी व्हायला हवी असेल तर तो वेगळा प्रस्ताव ठरलेल्या मुदतीत आधी पाठवायला हवा होता. सभागृहात कितीही कळकळीने बोलले तरी अध्यक्षांना ती उपसूचना नियमबाह्यच ठरवावी लागते.

आणखी एक. मंजूर झालेली दुरुस्ती त्याच क्षणी लागू होते. ती पुढच्या वर्षापासून लागू व्हायची असेल तर तसे कलम प्रस्तावात किंवा मंजुरीच्या ठरावात स्पष्ट लिहिलेले असावे लागते. निवडणुकीच्या पात्रतेसारख्या दुरुस्तीत हे विसरले गेले तर त्याच दिवशीच्या निवडणुकीवर परिणाम होतो.

कोकणकडा:

उत्तम माहिती. दोन प्रश्न. तटस्थ राहिलेल्यांची मते कुठे मोजतात? आणि प्रतिनिधी आजारी पडली तर बॅज दुसरीला देता येतो का?

सभाशास्त्र:

तटस्थ मते मोजतच नाहीत. समजा सभागृहात ६०० मतदार आहेत आणि ४८० जणींनी मत दिले. साध्या बहुमताला २४१ हवीत, दोन तृतीयांशला ३२०. उरलेल्या १२० जणी हिशेबातच नाहीत. म्हणून 'पटत नाही, पण विरोध कशाला' असे म्हणून गप्प बसणारी प्रतिनिधी प्रत्यक्षात ठरावाला मदत करत असते. उपविधींत 'उपस्थितांच्या' असा शब्द असेल तरच गणित बदलते, तेव्हा तो शब्द आधी पाहून ठेवा.

बॅज हातोहात देता येत नाही. पर्यायी प्रतिनिधीने क्रेडेन्शियल्सच्या टेबलावर जाऊन पुन्हा नोंद करून घ्यायची, मूळ प्रतिनिधीचे मतपत्र किंवा यंत्र तिथे जमा करायचे, मगच तिला मत. टेबलाची वेळ छापलेली असते, ती संपली की मत गेले. आजारपणापेक्षा जास्त वेळा होते ते असे: शेवटच्या दिवशीचे मतदान लांबते आणि प्रतिनिधीचे विमान किंवा सहल दुपारची असते. परतीचे तिकीट समारोपाच्या दुसऱ्या दिवसाचेच काढा.

प्रॉक्सीचे, म्हणजे गैरहजर राहून दुसरीकरवी मत देण्याचे म्हणाल तर रॉबर्ट्समध्ये मुळात प्रॉक्सी नाही. संस्थेच्या स्वतःच्या उपविधींत सोय असेल तरच, आणि तिथे लिहिलेल्या नमुन्यात, सहीनिशी, मुदतीत. व्हॉट्सअॅपवर 'माझे मत तू दे' हे चालत नाही.

निळावंती:

माझा एका मुद्द्यावर आग्रह आहे. बरेच क्लब प्रतिनिधीला हात बांधून पाठवतात: अमुक प्रस्तावाला हो, तमुकला नाही. ते बरोबर नाही. सभागृहात उपसूचना येतात, प्रस्तावाचे रूप पालटते. ज्याला क्लबने नकार दिला होता तो प्रस्ताव दुपारपर्यंत क्लबला हवा तसा होऊन बसतो, आणि प्रतिनिधी मात्र सूचनेप्रमाणे नकार देऊन येते. क्लबने कारणे लिहून द्यावीत, उत्तर नव्हे. 'वर्गणीवाढीला विरोध, कारण नवीन तरुण सभासद टिकत नाहीत' असे लिहिले असेल, तर तरुणांना सवलत देणारी उपसूचना आल्यावर काय करायचे ते प्रतिनिधीला समजते.

सभाशास्त्र:

निळावंती, उपसूचनांपुरते मान्य. पण पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीत क्लबने आधी ठरवलेले बरे. तिथे ऐन वेळी उमेदवाराच्या सुंदर भाषणाने मत फिरते. नॉमिनेटिंग कमिटीने पाठवलेले परिचय क्लबच्या सभेत मोठ्याने वाचा, प्रत्येकीने डिस्ट्रिक्ट पातळीवर काय काम केले ते पाहा आणि नावे ठरवा. प्रतिनिधीने ती पाळावीत.

निळावंती:

निवडणुकीपुरते ठीक आहे. उद्दिष्टांवर आणि सेवाप्रकल्पांवर मात्र मोकळीकच हवी, असे माझे ठाम मत.

शिक्कामोर्तब:

व्हिसाबद्दल लिहिते, कारण जाणे रद्द होते ते बहुतेक इथेच.

पहिली अडचण नावाची. आपल्याकडे पासपोर्टवर दिलेले नाव 'सुनीता रमेश', आडनाव 'कुलकर्णी'. क्लबच्या यादीत 'सुनीता कुलकर्णी', बँकेत 'सुनीता आर. कुलकर्णी', आणि लग्नाआधीच्या पदवीवर वेगळेच आडनाव. निमंत्रणपत्र क्लबच्या यादीवरून निघाले तर ते पासपोर्टशी जुळत नाही. नोंदणी करतानाच पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसेच भरायचे. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी शिल्लक हवी, म्हणजे कुठल्याच देशात अडत नाही.

निमंत्रणपत्र नोंदणीची फी भरल्यावर मिळते. म्हणून आधी फी परत मिळण्याच्या अटी वाचा: कोणत्या तारखेपर्यंत किती कापतात, व्हिसा नाकारल्यास वेगळा नियम आहे का. निमंत्रणपत्र म्हणजे व्हिसाची हमी नव्हे. त्याने प्रवासाचा हेतू सिद्ध होतो, परत येण्याची खात्री तुम्हालाच द्यावी लागते.

शेंगेनसाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, कधी पंचेचाळीसपर्यंत. जून २०२४ पासून फी ९० युरो. विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत लागू असलेला. हॅम्बर्गसारखे अधिवेशन चार दिवसांचे आणि पुढे स्वित्झर्लंडची सहल आठ दिवसांची असली की घोळ होतो. ज्या देशात मुख्य मुक्काम किंवा मुख्य हेतू, त्याच देशाकडे अर्ज करायचा. अर्जात जर्मनी आणि हॉटेलांच्या बुकिंगमध्ये बहुतेक रात्री दुसरीकडे, असे दिसले की प्रश्न येणारच. सहल छोटी ठेवा, किंवा हेतू सांगणारे पत्र स्पष्ट लिहा.

ऑस्ट्रेलियासाठी सबक्लास ६०० या व्हिसाचा अर्ज ऑनलाइन. परिषदेला हजर राहणे बिझनेस व्हिजिटर या प्रवाहात बसते. टूरिस्ट प्रवाहात अर्ज करून निमंत्रणपत्र परिषदेचे जोडले की विसंगती होते. कॅनडात व्हिजिटर व्हिसाची फी १०० डॉलर, बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५, दोन्ही कॅनडाचे डॉलर, आणि बायोमेट्रिक्स दहा वर्षे चालते. आयोजकांनी कार्यक्रमाची नोंद तिथल्या इमिग्रेशन विभागाकडे केली असेल तर एक विशेष कोड मिळतो. तो अर्जात घालायला विसरू नका, आणि निमंत्रणपत्रात नसेल तर आयोजकांना विचारा.

पैशाच्या पुराव्यात सगळ्यात संशयास्पद दिसते ती अर्जाच्या आधल्या आठवड्यात खात्यात आलेली मोठी रक्कम. सहा महिन्यांचे स्टेटमेंट शांत असावे. स्वतःचा व्यवसाय असेल तर आयटीआर, जीएसटी किंवा गुमास्ता परवाना. नोकरी असेल तर रजेचे पत्र. पतीच्या उत्पन्नावर जात असाल तर त्यांचा आयटीआर आणि विवाह नोंदणीचा दाखला.

एक तिखटमीठ:

खाण्याबद्दल: नोंदणी अर्जात फक्त 'व्हेजिटेरियन' लिहिले तर अंडे येऊ शकते, आणि कुठे कुठे मासेही. अंडे चालत नसेल तर तसे शब्दांत लिहा. जैन जेवणासाठी कांदा, लसूण, कंद नको हे वेगळे कळवा. ऑस्ट्रेलियात उतरताना लाडू, मेतकूट, सुपारी, लाकडी करंडा, काहीही असले तरी आगमनाच्या पत्रकात जाहीर करायचे. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेलीवर दंड होतो. भेटवस्तू कापडी न्या: खणाचे बटवे, इरकलीचे पाउच. वजन कमी, तपासणीत अडचण नाही.

हिशेबनीस:

पैशाचा विषय राहिला होता.

प्रवासाचा खर्च कुणी करायचा हे क्लबने लेखी ठरवावे. सेवाप्रकल्पासाठी गोळा केलेल्या देणगीतून विमानाचे तिकीट काढता येत नाही, मग ते कितीही चांगल्या कारणासाठी असो. प्रशासकीय खाते वेगळे, सेवाखाते वेगळे. क्लबने मदत करायची असेल तर वर्गणीतून जमलेल्या प्रशासकीय निधीतून, सभेच्या ठरावाने, आणि रक्कम आधी ठरवून. नोंदणी फी तेवढी क्लबची आणि तिकीट-हॉटेल प्रतिनिधीचे, ही विभागणी हिशेबाला सोपी जाते.

परदेशी पैसे पाठवताना एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर), म्हणजे नोंदणी आणि हॉटेल यांत बहुतेक कुणाला लागणार नाही. रोख चलन एका प्रवासाला ३००० डॉलरपर्यंत, उरलेले फॉरेक्स कार्डवर.

आता खरा धोक्याचा भाग. अधिवेशनात दोन देशांचे क्लब जोडीने प्रकल्प करायचे ठरवतात. जेवणाच्या टेबलावर उत्साहात तिकडच्या क्लबची अध्यक्ष म्हणते, आम्ही तुमच्या शाळेच्या स्वच्छतागृहांसाठी पाच हजार युरो पाठवतो. आपल्या क्लबच्या खात्यात ते घेता येत नाहीत. एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर एक रुपयाही नाही. आणि 'विदेशी' हे चलनावरून ठरत नाही, देणाऱ्यावरून ठरते. परदेशी नागरिकाने इथे येऊन रुपयांत दिलेली देणगीही विदेशी योगदान आहे. ओसीआय कार्डधारकाचीही (मूळ भारतीय, पण परदेशी नागरिक). भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून दिलेली मात्र नाही.

नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर किमान पंधरा लाख खर्च झालेला लागतो. बहुतेक लहान क्लब यात बसत नाहीत. त्यांना पूर्वपरवानगीचा मार्ग: ठराविक देणगीदार, ठराविक रक्कम, ठराविक काम. पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच आला पाहिजे. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेऊन दुसरीला वाटणे बंद आहे, त्यामुळे 'अमुक ट्रस्टकडे एफसीआरए आहे, त्यांच्या खात्यात घेऊन आपल्याकडे वळवू' हेही बेकायदेशीर. मार्ग एकच उरतो: नोंदणी असलेल्या संस्थेनेच तो प्रकल्प स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हिशेबात करायचा, आणि क्लबने माणसे, वेळ, देखरेख द्यायची. अधिवेशनाला जाण्याआधी अशी एखादी संस्था शोधून तिच्याशी बोलून ठेवा, म्हणजे टेबलावर शब्द देताना तो पाळता येईल असा देता येतो.

निळावंती:

हिशेबनीस यांना पूर्ण अनुमोदन. आणि जोडप्रकल्प म्हणजे दर वेळी पैसाच कशाला? पाठपुराव्याला पैसा फार लागत नाही, आणि तोच आपल्याकडे मागे पडतो.

बालविवाहाचेच घ्या. युनिसेफ-यूएनएफपीएचा कार्यक्रम २०१६ पासून बारा देशांत आहे, त्यात भारत आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण देशात २३.३ टक्के, महाराष्ट्रात २१.९. अधिवेशनात या विषयावर हात वर करून आलेल्या प्रतिनिधीने बीड, जालना, परभणीच्या ऊसतोड पट्ट्याकडे पाहिलेच पाहिजे. कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, मुलीला मागे कुणाकडे ठेवायचे हा प्रश्न असतो, आणि नवरा-बायकोच्या जोडीला कोयत्याची उचल (आगाऊ रक्कम) मिळते. लग्न लावून देण्याचे दडपण तिथून येते.

सेवा म्हणजे अशा मुलींना वह्या, सायकली देणे. ती हवीच. पाठपुरावा म्हणजे मुलगी मागे राहील अशा हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव कुठे अडला ते पंचायत समितीत जाऊन विचारणे, आणि एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळवून घेणे. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण गाडी शाळा भरून गेल्यावर येत असेल तर पासाचा उपयोग नाही. आगारप्रमुखाला मुलींची गाववार संख्या, शाळेची वेळ आणि मुख्याध्यापकांचे पत्र अशा तीन कागदांनिशी अर्ज दिला तर त्यावर निर्णय घ्यावा लागतो. नुसते निवेदन फाइलला लागते.

कायद्याचेही नीट माहीत हवे. ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. लग्न ठरल्याचे कळले तर १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर फोन आणि ग्रामसेवकाला लेखी कळवणे, दोन्ही करायचे. दंडाधिकारी २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम १३ खाली मनाई हुकूम देऊ शकतात. क्लबच्या बायकांनी स्वतः मांडवात जाऊन लग्न थांबवायला जाऊ नये, त्याने पुढे मुलीलाच त्रास होतो आणि घरचे लग्न दुसऱ्या गावी उरकतात.

२५ नोव्हेंबर ते १० डिसेंबरच्या, स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरोधातल्या सोळा दिवसांत नारिंगी दिवे आणि फेरी काढतो, त्याच्या जोडीला एक साधे काम: जिल्हाधिकारी कार्यालयातल्या स्थानिक समितीच्या सदस्यांची नावे आणि फोन फलकावर लावले आहेत का ते पाहणे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणच्या बायकांना आणि घरकामगारांना लैंगिक छळाची तक्रार तिथेच करावी लागते. नावेच माहीत नसतील तर ती करणार कुठे?

कोकणकडा:

एक राहिलेला प्रश्न. सरकारी नोकरीतली सभासद प्रतिनिधी म्हणून जात असेल आणि राहण्याचा खर्च तिकडची संस्था करणार असेल तर?

हिशेबनीस:

एफसीआरएच्या कलम ६ मध्ये येते ते. आमदार-खासदार, न्यायाधीश, सरकारी कर्मचारी, सरकारी मालकीच्या महामंडळांचे आणि कंपन्यांचे कर्मचारी यांना परदेशी पाहुणचार घेण्यासाठी गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. अर्ज एफसी-२ नमुन्यात, ऑनलाइन, प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी पोचेल असा, सोबत निमंत्रणपत्र आणि खात्याची संमती. खात्याच्या संमतीलाच जास्त वेळ जातो, म्हणून ती फाइल निमंत्रण हातात पडताच सुरू करा. सगळा खर्च स्वतः करत असाल तर एफसी-२ लागत नाही, पण परदेशी जाण्याची खात्याची परवानगी तरीही घ्यावी लागते.